सहावी-सातवी बरगडी

"काका, इथं कधी मार लागला होता का? पडलाबिडला होतात?"

डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्याच डाव्या कुशीवर, बगलेखाली चार बोटं सोडून, तळहात टेकवून विचारलं.

"न्हाई," अण्णा म्हणाले.

"आठवून बघा. घाई नाही. गेल्या वर्षा-दोन वर्षांत पाय घसरला, गाडीवरून पडलात, काही जड लागलं..."

"मी पडलो न्हाई, बाई. चाळीस वर्सं मोटारी उचलतोय. हाडं लोखंडाची झाल्यात माझी."

बाई हसल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला आठवतं काही?"

टेबलाच्या काचेखाली कुठल्याशा औषध कंपनीचं कॅलेंडर सरकवलेलं होतं. जानेवारीच्या चौकोनांवर नजर ठेवून मी म्हणालो, "नाही."

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. माझे वडील नेमिनाथ चौगुले, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, त्या वेळी अडुसष्ट वर्षांचे होते. आष्ट्यात आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची जळलेली मोटार आली की आतली करपलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार भरायची, हे काम अण्णांनी मला शिकवलं आणि मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून ते करू लागलो.

त्याच्या तीन वर्षं आधी अण्णांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. सांगलीला ऑपरेशन झालं, ग्रंथी समूळ काढली. त्यानंतर दर काही महिन्यांनी रक्ताची एक तपासणी करायची, पीएसए नावाची. ग्रंथीच नाही म्हटल्यावर तो आकडा शून्याच्या आसपास राहायला हवा. दोन वर्षं राहिला. मग एकदा पॉइंट एक आला, पुढं पॉइंट तीन, मग पॉइंट सहा. सांगलीचे सर्जन म्हणाले, "कुठंतरी काहीतरी परत डोकं वर काढतंय. कुठं, ते कळल्याशिवाय औषध कुठं द्यायचं?" त्यासाठी त्यांनी आम्हाला कोल्हापूरला या स्कॅनला पाठवलं. शिरेतून एक औषध देतात, ते शरीरभर फिरतं आणि त्या आजाराच्या पेशी जिथं असतील तिथं जाऊन चिकटतं. मग फोटोत तेवढी जागा दिव्यासारखी उजळून दिसते.

सकाळी आठला अण्णांना इंजेक्शन दिलं आणि एका वेगळ्या खोलीत बसवलं. तासभर कुणी जवळ जायचं नाही. दाराला छोटी काच होती. त्यातून बघावं तर अण्णा पाण्याची बाटली मांडीवर घेऊन ताठ बसलेले. मला मात्र बूड टेकवेना. मी खाली गेलो, चहा प्यालो, वर आलो, परत खाली गेलो. हातात कपड्यांची पिशवी होती, तीत आईनं अण्णांच्या दोन जादा पँटी घडी करून दिल्या होत्या. ऑपरेशनपासून अण्णांना लघवी धरवत नसे. खोकला आला, शिंक आली, जड उचललं की थोडी सुटायची. डॉक्टरांनी पॅड लावायला सांगितलं होतं. अण्णा लावत नसत. "मी काय तान्हं पोर हाय?" एवढंच म्हणत.

स्कॅन झाल्यावर रिपोर्ट लिहिण्याआधी डॉक्टर देवस्थळींनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं आणि तो प्रश्न विचारला. आमची दोन्ही उत्तरं ऐकून त्यांनी पडदा आमच्याकडे फिरवला. करड्या रंगात अण्णांचं अख्खं शरीर उभं होतं.

"हे मूत्रपिंड, या लाळेच्या ग्रंथी. या सगळ्यांच्याच उजळतात, यांची काळजी नाही. हा बघा, जिथून तुमची ग्रंथी काढली तिथं बारीक ठिपका. आजार परत आलाय तो इथं. एवढाच असता तर मी म्हटलं असतं, इथं रेडिएशन घ्या, बरं व्हायची चांगली आशा आहे." त्यांनी बाण वर नेला. "पण हे दोन. डावीकडची सहावी आणि सातवी बरगडी. आजार हाडात पोचला असेल तर सगळंच बदलतं. मग मुळातून काढायचं राहत नाही, आयुष्यभर इंजेक्शनं घेऊन दाबून ठेवायचं."

अण्णा पडद्याकडे बघत राहिले.

"पण एकाखाली एक, अशा शेजारच्या दोन बरगड्या मार लागला तरी दिसतात. मोडलेलं हाड भरून येत असतं ना, तेही हे औषध थोडं धरून ठेवतं. म्हणून विचारते. परत एकदा सांगा काका, इथं काही लागलं होतं?"

"न्हाई, बाई," अण्णा म्हणाले. "जे असंल ते असंल. लिवा तुमी."

"बरं. रिपोर्ट उद्या अकराला मिळेल. आणि आज संध्याकाळपर्यंत लहान मुलांना जवळ घेऊ नका."

घरी माझी चार वर्षांची मुलगी होती. त्यामुळे परस्पर दुकानातच जायचं ठरलं. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, गाडी पुढं सरकेना. मी दोनदा उगाच हॉर्न वाजवला.

"अण्णा, बाईंनी विचारलं ते..."

"इचारनं त्यांचं काम हाय."

"त्या सांगत होत्या, त्यावर सगळं..."

"पुढं बग. ट्रॉलीला घालशील."

दुकानात पोचल्यावर मी एक कॉइल गुंडाळायला घेतली. ब्याऐंशी वेढे घालायचे होते. चाळीसच्या पुढं मोजणी चुकली. उलगडली, परत सुरू केली, परत चुकली. तिसऱ्यांदा तार हातातून निसटली आणि तिचा गुंता झाला. पलीकडं बेअरिंग पुसत बसलेले अण्णा उठले, माझ्या हातातून साचा काढून घेतला आणि स्वतः गुंडाळू लागले. त्यांची बोटं कधी चुकत नसत.

"अण्णा, तुम्ही बाईंना खरं का नाही सांगितलं?"

वेढे चालूच होते. "काय खरं?"

"तुम्हाला ठाऊक आहे."

"मला काय बी ठाऊक न्हाई. तार धर नीट, ढिली सोडू नगंस."

मी तार धरली. ब्याऐंशी होईपर्यंत धरून राहिलो.

आम्ही जैन, आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवण होतं. मुलीला बायकोनं तिच्या माहेरी, म्हणजे शेजारच्याच घरात, नेऊन ठेवलं होतं. आईनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "काय म्हणाली डॉक्टरीण?" अण्णा म्हणाले, "उद्या कागद मिळतोय." आईनं माझ्याकडं पाहिलं. मी आमटीत भाकरी कुस्करत बसलो. ती न खाताच पानावरून उठलो आणि स्टँडपर्यंत चालत गेलो, परत आलो, दारातून आत न जाता पुन्हा स्टँडपर्यंत गेलो. डोक्यात एकच चालू होतं. उद्या अकरा वाजता एका कागदावर 'हाडात' असं लिहिलं जाणार, सांगलीचे सर्जन ते वाचणार आणि त्याप्रमाणे औषध सुरू करणार. मग रेडिएशनचं कुणी नावही काढणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी साडेनऊलाच केंद्रावर हजर झालो. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, रिपोर्ट टाइप व्हायच्या आत मला डॉक्टरांना भेटायचंय. तिनं तासभर बसवलं, म्हणजे तिनं बसा म्हटलं आणि मी तासभर उभा राहिलो.

"बोला," देवस्थळी म्हणाल्या.

"मॅडम, ते पडले होते. बाथरूममध्ये."

त्यांनी चष्मा काढला. "काल का नाही सांगितलंत?"

"आठवलं नाही."

"कधी पडले?"

"मार्चमध्ये. अकरा मार्च."

"तारीख आठवते, आणि पडलेलं आठवलं नाही?"

मी काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो.

"कशावर आपटले?"

"वॉशिंग मशीनच्या कोपऱ्यावर."

"एक्सरे काढला? कुणा डॉक्टरला दाखवलं?"

"नाही."

त्या थोडं पुढं झुकल्या. आवाज चढला नव्हता, उलट मऊ झाला होता. "हे बघा चौगुले, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण इथं अशी बरीच माणसं येतात. वडिलांच्या हाडात आजार नसावा असं मनापासून वाटतं, मग रात्रीतून पडणं आठवतं. स्कॅनबरोबरच्या सीटीत मला बरगडीवर एक पुसट रेघ असल्यासारखी वाटते, नाही असं नाही. पण पेशंट शुद्धीवर आहे, शहाणा आहे आणि दोनदा नाही म्हणतो. त्याच्याविरुद्ध तुमच्या शब्दावर मी काय लिहू? उगाच मार लागलाय म्हटलं आणि तो आजार निघाला, तर आपण त्यांचं नुकसान करू."

"मग?"

"त्यांचा नंबर सांगा."

त्यांनी टेबलावरच्या फोनवरून लावला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडं ड्रिल मशीनची घरघर ऐकू आली. अण्णा दुकानातच होते.

"काका, कोल्हापूरहून डॉक्टर देवस्थळी बोलतेय. मुलगा समोर बसलाय तुमचा. तो म्हणतो, मार्चमध्ये तुम्ही बाथरूममध्ये पडलात. खरं आहे का?"

ड्रिल बंद झालं.

"न्हाई. मी पडलो न्हाई, मॅडम."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचा हात फोनकडे जायला लागला. मी खुर्चीतून उठलो होतो, कधी उठलो ते कळलं नाही.

"अण्णा, पडला नाहीत. मी ढकललं होतं तुम्हाला."

त्या अकरा मार्चला माझी धाकटी बहीण सुजाताला बघायला निपाणीहून पाहुणे आले होते. सातजण. चांगलं स्थळ होतं. आधीची दोन मोडली होती, त्यामुळे सगळ्यांचाच जीव टांगणीला. अण्णांनी नवा पांढरा पायजमा घातला होता. मी सकाळीच बजावलं होतं, आजचा दिवस पॅड लावा. पाहुण्यांसाठी जड खुर्ची ओढायला ते वाकले आणि सरळ झाले तेव्हा पायजम्यावर ओला डाग पसरत होता. मुलाच्या आत्यानं ते बघितलं आणि मान फिरवली. तिनं मान फिरवलेली मी बघितली.

मी अण्णांना दंडाला धरून आत बाथरूमशी नेलं. दात ओठ खात म्हणालो, किती वेळा सांगितलं तुम्हाला, आमची अब्रू घालवायची आहे का? ते म्हणाले, "माज्या घरात मी कसं बी असंन." आणि मी दोन्ही तळहात त्यांच्या छातीवर लावून त्यांना ढकललं. जोरात. ते मागं जाऊन मशीनच्या कोपऱ्यावर कुशीनं आदळले. कट्‌ असा आवाज झाला. मी ओढून दार लावलं, बाहेर आलो आणि पाहुण्यांना हसून म्हणालो, "येतायत, कपडे बदलतायत."

दहा मिनिटांनी अण्णा दुसरा पायजमा घालून बाहेर आले. खुर्चीच्या पाठीला न टेकता बसले. मुलाला नोकरीचं विचारलं, त्याच्या वडिलांशी पावसापाण्याचं बोलले, पोहे खाल्ले. स्थळ जमलं. मे महिन्यात लग्न झालं. त्या दुपारबद्दल आम्ही दोघांनी एकमेकांजवळ एक अक्षरही काढलं नव्हतं.

हे सगळं मी त्या केबिनमध्ये एवढं सविस्तर सांगितलं नाही. चार-पाच तुटक वाक्यं बोललो. फोन चालूच होता.

मग अण्णांचा आवाज आला, हळू, समजूत काढल्यासारखा. "मॅडम, पोरगं भ्यालंय. बाप जातोय म्हटल्यावर काय बी बोलतंय. त्येचं ऐकू नका. तसलं काय लिवू नका कागदावर."

देवस्थळींनी मला हातानं खाली बसायची खूण केली. "काका, कुणी केलं ते लिहायला माझ्या कागदावर जागाच नाही. कुठं आणि कधी, एवढंच मला हवंय. आता नीट सांगा. मार्चनंतर त्या बाजूला दुखत होतं?"

पलीकडं स्टूल ओढल्याचा आवाज आला.

"व्हय."

"किती दिवस?"

"दोन म्हैने. त्या कुशीवर आजून निजत न्हाई मी."

"श्वास घेताना?"

"आत घेतला की कळ यायची. खोकला आला तर डोळ्यांम्होरं अंधारी." थोडं थांबून ते म्हणाले, "बसून निजायचो. भिताडाला टेकून."

हे मला माहीत नव्हतं. एका घरात राहून माहीत नव्हतं.

"डॉक्टरकडे का नाही गेलात, काका?"

"पोरीचं लगीन हुतं, मॅडम."

बाई टाइप करू लागल्या. मग थांबल्या. "उद्या पुन्हा या. बरगड्यांचा तेवढा बारीक सीटी काढू, मी हातानं दाबूनही बघते. आज लिहिलेलं कच्चं समजा." फोन ठेवला आणि टेबलावरचा पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला. मला वाटलं होतं, त्या काहीतरी बोलतील. एखादा शब्द, एखादी नजर. त्या म्हणाल्या, "त्यांना उपाशी आणायची गरज नाही." आणि बेल दाबून पुढच्या माणसाला आत बोलावलं.

मी दुकानात पोचलो तेव्हा अण्णा एका मोटारीला वार्निश देत होते. मी दारात उभा राहिलो. आत पाय टाकायची हिंमत होईना.

"ये की आत," ते ब्रश न थांबवता म्हणाले. "पोलीस कदी येतील?"

मला कळलं नाही. "कसले पोलीस?"

"पलीकडच्या गल्लीतल्या राजमतीचं इसरलास व्हय? दवाखान्यात इचारलं कसं लागलं, तिनं नवऱ्याचं नाव सांगितलं. डॉक्टरनं फोन केला आन् सांच्याला पोलीस दारात. डॉक्टर लोक कशाला इचारत्यात मार लागला का म्हनून? उगंच?"

"अण्णा, त्या हाडासाठी विचारत होत्या. त्यांनी समजावून सांगितलं की पडद्यावर."

"मला ती थाप वाटली. कबूल करून घ्यायची रीत असतीया त्यांची." ब्रश डब्यात ठेवून त्यांनी हात फडक्याला पुसले. "तुला न्यायचं, सुजाताच्या सासरी कळायचं. तुजी पोरगी उद्या शाळंत जाईल. तिला इचारतील."

"आणि त्यांनी हाडात आहे असंच लिहिलं असतं तर? जन्मभर इंजेक्शनं घेतली असती?"

"घेतली असती."

"बरं व्हायचं सोडून?"

"चार-पाच वर्सं तर मिळालीच असती की. पुरं हाय."

त्यांनी ते इतकं सहज म्हटलं, जणू एखाद्या गिऱ्हाइकाला मोटार परवा मिळेल म्हणून सांगत होते. मी वार्निशच्या वासात तिथंच खाली बसलो आणि रडलो. अण्णा कावरेबावरे झाले. "उठ, उठ. कोन तरी येईल," म्हणाले. माझ्या खांद्यावर हात ठेवायला आले आणि हाताला वार्निश आहे म्हणून मागं घेतला.

संध्याकाळी आई धुणं काढत होती. मी जाऊन तिच्या शेजारी उभा राहिलो. म्हटलं, हिला तरी सांगायला हवं.

"आई, अण्णांच्या कुशीला..."

"बोललास?" तिनं दोरीवरची चादर ओढत विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"दोन महिने मीठ गरम करून शेकत होते मी. मला म्हणाले, सर्दी भरलीय छातीत. सर्दी काय एकाच कुशीत भरते? आणि त्या दिवशी मी पलीकडं स्वयंपाकघरात पोहे परतत होते. भिंत काय लोखंडाची आहे?"

"मग मला बोलली का नाहीस?"

"तू बोलतोस का ते बघत होते," आई म्हणाली. चादरीचं एक टोक तिनं माझ्या हातात दिलं. "दहा महिने लावलेस. धर, घडी घाल."

पुढचं थोडक्यात सांगतो. बारीक सीटीमध्ये दोन्ही बरगड्यांवर सांधल्याची खूण दिसली. रिपोर्टात लिहिलं गेलं की तिथले ठिपके जुन्या आघाताचे वाटतात, तीन महिन्यांनी पुन्हा पाहावेत. सांगलीच्या डॉक्टरांनी तो वाचून रेडिएशन ठरवलं. तेहतीस दिवस, रविवार सोडून. तीन महिन्यांनी बरगड्या पाहिल्या तेव्हा ठिपके विझत चालले होते, आजार तिथं नव्हताच. पीएसए पॉइंट सहावरून उतरत उतरत मोजता येईना इतका खाली गेला. अण्णा पुढं नऊ वर्षं जगले. सुजाताच्या दोन्ही मुलांना त्यांनी कॉइल गुंडाळायला शिकवली. दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराच्या झटक्यानं गेले, दुपारी, झोपेत.

पण मला त्या तेहतीस दिवसांतला एक दिवस सांगायचाय. अठरावा की एकोणिसावा असेल.

रोज सकाळी मी त्यांना सांगलीला नेत असे. रेडिएशनच्या आधी भरपूर पाणी प्यायचं आणि मशीन चालू असेपर्यंत धरून ठेवायचं, असा नियम होता. अण्णांना ते फार जड जाई. घाम फुटायचा, मुठी आवळून पडून राहायचे. बाहेर आले की बोलायचे नाहीत. येता-जाता गाडीत मी रोज ठरवायचो, आज म्हणायचं. तोंड उघडायचो आणि अण्णा काढायचे कुणाच्या तरी विहिरीचा, कुणाच्या तरी मोटारीचा विषय. असे सतरा-अठरा दिवस गेले.

त्या दिवशी सांगली सोडून थोडं पुढं आलो आणि मी गाडीची काच वर केली, म्हणजे बाहेरच्या आवाजात ऐकू आलं नाही असं म्हणायला नको. म्हटलं, "अण्णा, माझं चुकलं."

मी रस्त्याकडं बघत राहिलो.

"पाव्हनं हुतं म्हनून वाचलास त्या दिवशी," ते म्हणाले. "न्हाईतर मी बी दिली असती एक ठिवून."

"मग आता द्या."

"आता कशी देऊ? गाडी तू चालवतुयास. झाडावर घालशील, दोगंबी जाऊ. बाई म्हंतील, एवडं शोधून काडलं आन् ही म्हशीगत झाडाला धडाकली."

मला हसू फुटलं. ते देवस्थळीबाईंचा आवाज काढायला गेले, "काका, इथं कधी मार लागला होता का?" आणि स्वतःच खदखदून हसू लागले. हसता हसता एकदम पोट धरलं.

"हसवू नगंस रं. हसवू नगंस... गेलं! थांबीव, थांबीव."

मी गाडी कडेला घेतली. मागच्या सीटवरून कोरडी पँट आणि टॉवेल काढला. अण्णा उतरून गाडीच्या आडोशाला उभे राहिले, अजून हसत होते. मी टॉवेल त्यांच्याभोवती पडद्यासारखा धरला. एका हातानं माझ्या खांद्याचा आधार घेऊन त्यांनी ओली पँट खाली सोडली.

तेवढ्यात समोरून एसटी येताना दिसली. खिडक्या माणसांनी गच्च भरलेल्या.

"अण्णा, एसटी येतेय. लवकर आत बसा."

"यिऊ दे," अण्णा म्हणाले. त्यांनी सावकाश एक पाय कोरड्या पँटीत घातला, मग दुसरा. "बगू दे की."